नववीच्या मुलांसाठी झोपेचा मोबाईल कार्यक्रम तपासायचा आहे, मार्गदर्शन हवंय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या तासाला नववीची बरीच पोरं पेंगत असतात. कुणाला रात्री एक वाजेपर्यंत झोपच लागत नाही, कुणी पहाटे तालमीत जातं, कुणी कागलकडून पहिली एसटी पकडून येतं. वयात येताना मेलॅटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं, तेव्हा नुसतं "लवकर झोपा" सांगून भागत नाही. या वयाला ८ ते १० तास झोप हवी. २०२४ मध्ये शासनानं सकाळी ९ च्या आधी वर्ग भरवू नका असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच.

निद्रानाशावरच्या सीबीटीचे, म्हणजे विचार आणि सवयी बदलून करायच्या उपचाराचे, डिजिटल कार्यक्रम परदेशात मुलांवर तपासले गेलेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅक डॉग इन्स्टिट्यूटनं १२ ते १६ वयासाठी 'स्लीप निंजा' हे अ‍ॅप केलं. नेदरलँड्समध्ये ११६ किशोरवयीनांची इंटरनेटवरून उपचार, गटात बसून उपचार आणि प्रतीक्षा यादी (उपचारासाठी नुसती थांबलेली मुलं) अशी तुलना झाली. उपचार मिळालेल्या दोन्ही गटांची झोप सुधारली. आमच्या एका पालकांनी असाच साधा कार्यक्रम मराठीत बनवून द्यायची तयारी दाखवली आहे. झोपेची रोजनिशी, उठण्याची ठरलेली वेळ, झोप आली की मगच अंथरुणात जाणं, इतकंच त्यात असेल.

'अ' तुकडीला कार्यक्रम द्यावा आणि 'ब'ला काहीच देऊ नये, असा माझा विचार आहे. एवढ्यावरून तो उपयोगी आहे असं म्हणता येईल का? आणि मोबाईलमुळे जागणाऱ्या मुलाच्या हातात पुन्हा मोबाईलच द्यायचा, हे कसं जमवायचं? मुलांचं खरंच भलं व्हावं अशी इच्छा आहे, म्हणून सुरुवातीलाच विचारते.

प्रतिसाद १

मॅडम, मी मानसशास्त्रात संशोधन करतो. दोनच तुकड्या असतील तर फरक कार्यक्रमामुळे पडला की तुकडीमुळे, हे सांगता येणार नाही. 'ब'चे क्लास वेगळे, वर्गशिक्षक वेगळे. शिवाय ज्यांची झोप सगळ्यात वाईट तीच मुलं निवडली, तर काही न करताही पुढच्या मोजणीत ती थोडी सुधारलेली दिसतात. गणपतीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजलंत तर सणाच्या जागरणाचाच परिणाम हाती येईल. म्हणून सध्या छोटी प्राथमिक चाचणी करा: किती मुलं शेवटपर्यंत टिकली, रोजनिशी किती जणांनी भरली, कुठे अडलं. परिणामकारकता तपासायची तर बऱ्याच शाळा घेऊन कुणाला कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागेल, आणि दुसऱ्या गटालाही काहीतरी द्यावं लागेल, निदान झोपेबद्दलची माहिती तरी. नुसतं थांबवून ठेवलेल्या गटाशी तुलना केली की परिणाम फुगून दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, तालमीतली मुलं वेगळी काढा. त्यांना झोप येते, पण झोपायला वेळच नाही. हे कार्यक्रम झोप न लागणाऱ्यांसाठी असतात. त्यातला अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग आधीच कमी झोपणाऱ्या मुलाला दिलात तर तो दिवसभर पेंगेल, सायकलवर ते धोक्याचं आहे. तो भाग गाळाच. घोरणारी किंवा फिट येणारी मुलं आधी डॉक्टरांकडे पाठवा.

मोबाईलचं सोपं आहे. धडे संध्याकाळी घ्या, रोजनिशी सकाळी कागदावर भरा.

प्रतिसाद २

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. संशोधनात सहभागींचं हित जपलं जातंय ना हे पाहणाऱ्या नीतिसमितीची मंजुरीही सुरू करण्याआधीच घ्या. संमती तुम्ही स्वतः घेऊ नका, मॅडम. गुण देणाऱ्या बाईंना मूल "नाही" कसं म्हणणार? कुणी खूप खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पालकांना जरूर द्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तालमीचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. त्या मुलांबद्दल वस्तादांशी आणि पालकांशी वेगळं बोलेन. तुकड्यांची तुलना सोडून प्राथमिक चाचणीच करायची ठरवते. नीतिसमितीसाठी शिवाजी विद्यापीठात विचारते. आता एकच हवंय: नववीच्या मुलाला सहज भरता येईल अशी मराठी झोपेची रोजनिशी कुणी वापरली आहे का? "कितीला अंथरुणावर पडलास" आणि "कितीला झोप लागली" हे दोन वेगळे रकाने असलेली. असेल तर नमुना इथे टाका, प्लीज.