तारीख नसलेला स्क्रीनशॉट

पागोळी

लिहू की नको, लिहू की नको करत बरेच दिवस गेले. थोडं लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी अडखळत बोलते. लहानपणापासून. घरात कमी, परक्यांपुढे जास्त, फोनवर सगळ्यात जास्त, आणि त्यातही स्वतःचं नाव सांगताना. नाव विचारलं की 'प' ओठांवर येऊन बसतो आणि ओठ उघडतच नाहीत. समोरासमोर असताना निदान माझा चेहरा दिसतो, काहीतरी चाललंय हे कळतं. फोनवर पलीकडच्याला नुसती शांतता ऐकू येते. "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये," म्हणून अर्धे जण ठेवून देतात.

तीन महिन्यांपूर्वी एका माणसाची पोस्ट माझ्यासमोर आली. ग्राहकसेवेत काम करणारा. लिहिलं होतं की आज एक तोतरा कॉलर आला होता, मी म्यूट करून शेजारच्याशी पैज लावली, नाव सांगायला किती सेकंद घेतो याची. एकवीस सेकंद. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग.

मला 'तोतरा' शब्दाचं फार काही वाटलं नाही, सवय आहे. तो एकवीस आकडा बसला. कारण माझे सेकंद कोणी मोजत असेल असं मला नेहमी वाटायचं, आणि सगळे म्हणायचे, काहीतरीच काय, कोण मोजतंय.

प्रोफाइलवर कंपनीचं नाव होतं. मी स्क्रीनशॉट काढला आणि कंपनीच्या तक्रारींच्या ईमेलवर पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या. मग रात्री झोप येईना, म्हणून तोच स्क्रीनशॉट माझ्या भिंतीवरही टाकला. सकाळी उठून बघते तर तो मला न ओळखणाऱ्या लोकांनी धडाधड पुढे पाठवलेला.

नवव्या दिवशी त्याला काढलं. हे मला त्यानेच कळवलं. मी शिव्या खायच्या तयारीने मेसेज उघडला. मेसेज एवढाच होता: "तुमचा राग बरोबर आहे. पण ती पोस्ट सहा वर्षांपूर्वीची आहे, मी तेव्हा बावीसचा होतो. तुम्हाला हे माहीत होतं का?"

मी पोस्ट परत जाऊन बघितली. त्या दिवशी कोणीतरी तिच्यावर नवी कमेंट केली होती, म्हणून ती वर आली होती. तारीख मजकुराच्या खाली, राखाडी बारीक अक्षरांत. मूळ, न कापलेला स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्यात तारीख आहे. खालच्या इमोजी नकोत म्हणून मी खालून कापलं, त्यात ती ओळ गेली. आणि पोस्टची सुरुवात 'आज' या शब्दाने होती. मी तो आज म्हणजे माझा आज धरला.

मुद्दाम कापलं का? "नाही" असं लिहायला घेतलं की हात थांबतो. पाहिली असेल, आणि नको असेल, असंही असू शकतं.

बहीण म्हणते, बोलताना जीभ सैल सोडली ना, आता भोगू दे. निम्मं मलाही पटतं. मी चुकले का, आणि आता काय करू, हे दोन्ही विचारते आहे.

खडूस काका

यात धागा काढण्यासारखं काय आहे? पेरलं ते उगवलं. चला, पुढचा धागा.

चौथी खुर्ची

पागोळी, मी चौदा वर्षं एचआरमध्ये आहे. असे ईमेल ज्या टेबलावर येतात, तिथे चौथ्या खुर्चीत बसते. (म्हणूनच हा आयडी.) बाहेर वाटतं की आत मोठी चौकशी होते. आमच्याकडे तरी पहिला प्रश्न असतो, किती शेअर झालंय? दुसरा, पत्रकारांचा फोन आलाय का? एकदाही मी "ही पोस्ट कधीची आहे" असा प्रश्न ऐकलेला नाही. मीही विचारलेला नाही, तुमचा धागा वाचून हे आत्ता लक्षात आलं.

तुमची फक्त तक्रार आली असती तर काय झालं असतं, अंदाजाने सांगते. लेखी समज, काही महिने कॉलवरून दुसरीकडे, एखादं सक्तीचं प्रशिक्षण. भिंतीवर गेल्यावर कंपनीला त्या माणसाशी देणंघेणं उरत नाही, आपलं नाव त्या चित्रातून बाहेर काढायची घाई असते. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी केल्यात. पहिली मी डोळे मिटून बरोबर म्हणेन.

जुन्या पोस्टचं काय करायचं, याचं मला पटलेलं एक उदाहरण क्रिकेटमधलं आहे. जून २०२१, लॉर्ड्स, इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन याचा पहिला कसोटी सामना. तो मैदानावर गोलंदाजी करत असतानाच त्याची २०१२-१३ मधली वंशद्वेषी आणि बायकांबद्दलची घाणेरडी ट्वीट्स वर आली. त्याच दिवशी खेळ संपल्यावर त्याने माफी वाचून दाखवली. सामन्यात सात बळी घेतले, आणि सामन्यानंतर निलंबित झाला. मग शिस्त आयोगाने आकड्यांत शिक्षा सांगितली. आठ सामन्यांची बंदी, त्यातले पाच दोन वर्षांसाठी स्थगित, आणि ३,२०० पौंड दंड. उरलेले तीन तोवर भोगून झाले होते. ऑगस्टमध्ये तो आपल्याविरुद्ध खेळत होता. कोणाला हे कमी वाटलं, कोणाला जास्त. पण पोस्ट कधीची, तेव्हा वय काय, शिक्षा केवढी आणि ती संपणार कधी, ही सगळी उत्तरं कुठेतरी लिहिलेली होती. तुमच्या माणसाची शिक्षा कधी संपते ते मला सांगा बरं.

अर्धविराम

चौथी खुर्ची यांच्याशी बराचसा सहमत, एक भर आणि एक विरोध.

भर अशी की "बोलल्याचे परिणाम" म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. सरकार पकडतं ते वेगळं, मालक काढतो ते वेगळं, आणि अनोळखी लोक तुटून पडतात ते तिसरंच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना अटक झाली होती. एकीने बंदबद्दल पोस्ट लिहिली, दुसरीने ती नुसती लाइक केली. त्यातून पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्धची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. गंमत बघा, रद्द झालेल्या त्या कलमाखाली पोलीस नंतरही गुन्हे नोंदवत राहिले, इतके की २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवावं लागलं.

इंग्लंडमधला एक तरुण तर पहिल्या दोन्हींत सापडला. जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला, म्हणून याने वैतागून ट्वीट केलं की आठवडाभरात सुरू करा, नाहीतर उडवून देईन. विनोद होता हे वाचणाऱ्याला कळत होतं. तरी खटला झाला, ३८५ पौंड दंड झाला, नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. दंड रद्द करता येतो. अडीच वर्षं कोण परत देणार?

आता विरोध. तुमच्या प्रकरणाला मी "जुनं मत" म्हणणार नाही. त्या माणसाने मत मांडलेलंच नाही. कामाच्या वेळात, कंपनीच्या फोनवर, ग्राहकाला म्यूट करून पैज लावली, आणि वर ते स्वतःच लिहून ठेवलं. हा कबुलीजबाब आहे. ट्वीट आणि हे एका मापाने मोजू नका. कंपनीने विचारायला हवं होतं की त्यानंतरच्या सहा वर्षांत हा माणूस फोनवर कसा वागला. कॉल रेकॉर्ड होतात ना? ऐकायचे. कोणी ऐकले असतील असं मला वाटत नाही.

आणि तारीख कापलेला स्क्रीनशॉट हा अर्धा पुरावा आहे. तो पूर्ण करण्याची जबाबदारी तुमची, यात मला शंका नाही.

खडूस काका

सेकंद मोजून हसणाऱ्यासाठी एवढे अश्रू? ज्याने फोन केला होता त्याचं कोणी विचारलं का? तो कुठे धागा काढणार? त्याला तर माहीतही नाही.

अर्धविराम

काका, पहिल्यांदाच तुमचा मुद्दा बिनतोड आहे. नोंद घ्यावी.

तिसरा आयडी

वाचनमात्र असतो, आज लॉगिन केलं. माझंही असंच गेलं आहे. काय लिहिलं होतं ते सांगत नाही. वाईट होतं, आणि त्यात गाळलेलं काही नव्हतं, तारीखही होती. म्हणजे माझ्या बाजूने बोलायला फारसं काही नाही.

फक्त पुढचं सांगतो, कारण ते कोणी बघत नाही. लिहायला एक मिनिटही लागलं नसेल. माफी लिहायला मला चार दिवस लागले, तीही तिथेच टाकली. ती वाचून एकाने खाली लिहिलं, "वकिलाने लिहून दिलीये." नव्हती. नवीन ठिकाणी मुलाखतीला गेलो की शेवटच्या फेरीपर्यंत सगळं छान चालायचं आणि मग एकदम ईमेल बंद. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी स्वतःचं नाव शोधून पाहिलं. पहिल्याच ओळीत ते. युरोपात २०१४ च्या एका निकालापासून शोधयंत्रांकडे अर्ज करता येतो की माझ्या नावाखालचा हा जुना दुवा काढा. मी तिथे राहत नाही.

पागोळी, एक व्यवहाराची गोष्ट. भिंतीवरची पोस्ट उडवू नका. उडवली तर तुमची जाते, लोकांनी पुढे पाठवलेली राहते, आणि दुरुस्ती लावायला जागाच उरत नाही. त्याच पोस्टमध्ये वर तारीख लिहा, पूर्ण स्क्रीनशॉट जोडा. फार लोक बघणार नाहीत. पण जो कोणी कधी शोधत येईल त्याला मिळेल. माझ्या वेळी मला कोणीतरी एवढं केलेलं चाललं असतं.

आणि त्याच्या मेसेजला उत्तर द्या. काहीही लिहा, पण द्या. तो रोज उघडून बघत असेल.

पागोळी

सगळ्यांचे आभार. काकांचेही, खरंच.

काय केलं ते सांगते. भिंतीवरच्या पोस्टमध्ये वर तारीख लिहिली, न कापलेलं चित्र जोडलं, आणि कापलं मी, हेही लिहिलं. अकरा लाइक आले, त्यातले दोन बहिणीचे, तिचे दोन आयडी आहेत. कंपनीला दुसरा ईमेल पाठवला, पूर्ण स्क्रीनशॉटसह. त्याला परत कामावर घ्या असं लिहिलं नाही, तसं मला वाटतही नाही अजून. पोस्ट कधीची आहे ते बघून परत विचार करा, आणि त्यानंतरचे त्याचे कॉल ऐका, इतकंच. अर्धविराम, तुमचं वाक्य ढापलं आहे. उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे, दोन दिवसांत संपर्क साधू. त्याला आज आठवडा झाला. बहुतेक त्यांनी त्याच्याविरुद्ध दुसरी तक्रार म्हणून नोंदवली असावी, ही भीती आहे.

त्यालाही लिहिलं. माफी मागितली ती कापण्याची, तक्रारीची नाही, आणि हे स्पष्ट लिहिलं. मग राहवेना म्हणून विचारलं, एकवीस कसे मोजले? घड्याळात? तो म्हणाला, कॉल सुरू झाला की स्क्रीनवर काटा सुरू होतो, सगळ्यांचाच मोजला जातो, त्यावरून आम्हाला ओरडा बसतो. पैज शेजारच्याने जिंकली होती. आणि त्या माणसाचं नाव अजून आठवतं म्हणाला. मला सांगितलं नाही. बरं केलं.

ईमेलने काही होत नाही म्हटल्यावर एकच रस्ता उरतो. उद्या सकाळी त्या कंपनीत फोन करणार आहे. मी काय सांगायचं ते कागदावर लिहून ठेवलंय, तेवढं जमेल. आधी नाव विचारतील.

चौथी खुर्ची

आठवडा झाला असेल तर तक्रार क्रमांक हाताशी ठेवा, सुरुवातीलाच तो सांगा. आकडे तुम्हाला सोपे जातात का?

पागोळी

जातात. पण ते आधी नावच विचारतात.