हिवाळ्यात घोडी चालती कशी ठेवायची?

प्रेषक: स. प., एअरड्री (कॅनडात, कॅल्गरीजवळ)

नमस्कार मंडळी,

आपल्या ग्रुपवरच्या फराळाच्या ऑर्डरींमध्ये वेगळाच विषय घुसवते आहे, सांभाळून घ्या. लेकीने यंदा एक घोडी हाफ-लीजवर, म्हणजे मालकिणीकडून अर्ध्या वाट्याने भाड्याने, घेतली आहे. क्वार्टर हॉर्स जातीची, वय चौदा, स्वभावाने गरीब. उन्हाळा मजेत गेला. आता बाहेरचं मैदान बर्फाखाली आणि इनडोअर अरीनात, म्हणजे छताखालच्या रिंगणात, संध्याकाळी ही गर्दी. तबेल्यातले काही जण म्हणतात मार्चपर्यंत काम न देता मोकळी सोडा तिला. लेक म्हणते, मग एप्रिलच्या शोला, घोडेस्वारीच्या स्पर्धेला, काय करू? तिला आठवड्यातून तीनच दिवस जमतं. आमच्या घरातला घोड्यांचा अनुभव म्हणजे माथेरानला भाड्याच्या घोड्यावर बसून काढलेला फोटो! कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: वि. गो., कॅल्गरी

एनडीएत खडकवासल्याला पहाटे आम्हाला घोड्यावर बसवत, म्हणून दोन शब्द सांगतो. घोड्याला घाम यायलाच हवा. बसायला सवड नसेल तर लांब दोरीवर गोल फिरवा, अर्धा तास चांगली दुडकी, दोन्ही बाजूंनी. मग सणसणीत खरारा. थंडीने घोड्याला काही होत नसतं.

---

प्रेषक: म. दे., ओकोटोक्सजवळ

स. ताई, वि. काका,

काकांचं खरारा आणि थंडी यांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, घामाचं मात्र अजिबात पटलं नाही. खडकवासल्याच्या पहाटेत आणि आपल्या जानेवारीत चाळीस अंशांचा फरक आहे, काका! हिवाळी केसांत मुरलेला घाम तासन् तास वाळत नाही, आणि तशा ओल्या अंगाने घोडा उणे पंधरात बाहेर गेला की खरी थंडी वाजते. घाम आलाच तर लोकरी किंवा फ्लीसची झूल घालून चालवत राहायचं, कानामागे आणि पोटाखाली हात घालून कोरडं लागेपर्यंत. रोज जोरात काम करायचं असेल तर मान-छातीचे केस कापावे लागतात, आणि मग ब्लँकेटची उस्तवार मागे लागते. तीन दिवसांच्या कामासाठी मी केस कापणार नाही.

गोल फिरवण्याबद्दलही तेच. लहान वर्तुळात अर्धा तास दुडकी म्हणजे चौदा वर्षांच्या सांध्यांवर नुसता ताण, त्यात खाली जमीन गोठलेली. त्यापेक्षा दोन लांब लगाम लावून मागून चालत हाका. सरळ रेषेत, वळणं घेत, थांबत. लेकीलाही ऊब येईल.

आता मुख्य गोष्ट. पूर्ण सोडून देऊ नका, आणि उन्हाळ्यासारखं कामही करू नका. तीन-चार आठवडे हलकं काम झालं म्हणून घोड्याचा दम फारसा जात नाही. चार महिने उभी ठेवली तर मात्र जातो. शिवाय वसंतात दम लवकर परततो, टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मागे राहतात. एप्रिलमधल्या लंगडण्याचं मूळ बरेचदा तिथे असतं.

तीन दिवसांपैकी दोन दिवस अरीनात, पण निम्म्याहून जास्त वेळ चालीतच. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालणं. मग शोल्डर-इन (खांदे आत वळवून चालणं), लेग-यील्ड (पायाच्या इशाऱ्याने तिरकं सरकणं), पूर्ण थांबणं, चार पावलं मागे, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून जाणं. शेवटी दुडकीचे छोटे-छोटे तुकडे. चालीत घोड्याला घाईच्या मागे लपता येत नाही. पाठ ताठ ठेवली, डावा खांदा बाहेर पडला, सगळं दिसतं. माझ्या मते शिक्षणाचा खरा मोसम हिवाळाच, लोक उगाच रडतात. गर्दी असली तरी या कामाला एक कोपरा पुरतो.

तिसरा दिवस बाहेर. ताजा, भुसभुशीत, घोट्याइतका बर्फ उत्तम. गुडघ्याइतक्या बर्फात मात्र दहा मिनिटं म्हणजे चढण चढल्यासारखं, तेव्हा हळूहळू वाढवा. सगळ्यात वाईट काळ शिनूकनंतरचा, म्हणजे डोंगरांवरून येणाऱ्या आपल्या उबदार वाऱ्यानंतरचा. वारा सुटतो, दिवसात वीस अंश वर जातं, बर्फ वितळतो आणि रात्री त्याची काच होते. त्या दिवशी बाहेर जायचं नाही, शो असो की नसो. उणे वीसच्या खाली आमच्याकडे फक्त चाल. तेवढ्या गार हवेत जोरात श्वास घेतला की श्वासनलिकांना सूज येऊ शकते.

आणि बसण्याआधी पाणी बघा, ताई. हिवाळ्यात कमी पाणी पिऊन कोरड्या गवताचा आतड्यात बोळा बसतो, ते पोटशूळ भयंकर. घोडीला दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतंच. बर्फ चाटून भागत नाही: दहा इंच बर्फ वितळला तर जेमतेम इंचभर पाणी. टाकीला हीटर आहे का, तो चालतो का, हे स्वतः हात घालून पाहा. चंदीत एक-दोन मोठे चमचे साधं मीठ घाला. ऊब दाण्यापेक्षा गवताने जास्त येते, ते आतड्यात आंबताना उष्णता देतं. पाचशे किलोच्या घोडीला दिवसाला दहा किलो, कडाक्यात आणखी. केसांमुळे ती गुबगुबीत दिसेल, फसू नका. बरगड्यांवर हात फिरवून बघा.

लगामाची कडी तोंडात घालण्याआधी मुठीत गरम करा. गोठलेल्या लोखंडाने जीभ चिकटते, मग घोडी तोंड उघडत नाही आणि आपण तिलाच हट्टी म्हणतो.

---

प्रेषक: वि. गो., कॅल्गरी

घामाचं मान्य. दोन लगाम लावून मागून चालणं आम्हालाही शिकवलं असतं तर बरं झालं असतं, मी कमी वेळा पडलो असतो.

---

प्रेषक: स. प., एअरड्री

मनापासून आभार, ताई. टाकी पाहिली, हीटर चालू आहे. एकच शंका: बाहेर नेलं की खुरांत बर्फाचे गोळे अडकतात, घोडी उंच टाचांच्या चपला घातल्यासारखी चालते. नाल काढून टाकू का?

---

प्रेषक: म. दे., ओकोटोक्सजवळ

खुरं कणखर असतील तर काढा, अनवाणी खुरात बर्फ कमी अडकतो आणि पकडही बरी मिळते. तळवा नाजूक असेल तर नाल राहू दे, खाली स्नो-पॅड (बर्फ अडकू न देणारी गादी) आणि छोटे स्टड (पकडीसाठी नालेतले खिळे) लावून घ्या. खुरात चोपडलेलं व्हॅसलीन एखादी फेरी टिकतं, तेवढंच. पण निर्णय तुमचा नाही, घोडीच्या मालकिणीचा आणि नालबंदाचा. हाफ-लीज आहे, आधी तिला विचारा. नालबंदाला आजच फोन करा, डिसेंबरात त्यांची वही भरलेली असते. आणि हिवाळ्यातही सहा ते आठ आठवड्यांनी त्याला बोलवावं लागतं, खुरं वाढायची थांबत नाहीत.