मदत हवी आहे: फिट्झरॉय क्लब, १९१६
मेलबर्नकर मंडळी, जरा मदत करा. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी फिट्झरॉय फुटबॉल क्लबचा पहिल्या महायुद्धातला इतिहास शोधतोय. १९१६ साली व्हीएफएलमध्ये (व्हिक्टोरिया राज्याची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची साखळी स्पर्धा) चारच संघ उतरले. फिट्झरॉयने साखळीत १२ पैकी २ सामने जिंकले, म्हणजे तळाला. पण बाद फेरीत चौघांनाही प्रवेश, आणि तिथे सलग तीन सामने मारून विजेतेपद! लेक म्हणते, “बाबा, ही तर चीटिंग!”

ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट) तेव्हाची वर्तमानपत्रं सापडली, अक्षरं इतकी पुसट की डोळ्यांतून पाणी आलं. मला हवीत सैन्यात गेलेल्या खेळाडूंची नावं. सैनिकांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन दिसतात हो, पण आधी नाव तर पाहिजे! कुठून सुरुवात करू?