जेवलेलं ताटही न उचलणारा मुलगा जर्मनीत टिकेल का?

मिरजेची आई: मुलाला श्टुटगार्टला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, ऑक्टोबरपासून. अभ्यासाची काळजी नाही, डिस्टिंक्शनवाला आहे. पण घरात इकडची काडी तिकडे करत नाही. कुणाची मुलं राहून आलीत का तिकडे?

पाटीवाला: काकू, मीही असाच लाडोबा, त्याच गावात गेलेला. पहिल्याच महिन्यात दाराला पाटी लटकली: केरवोखे. नावातच केर! त्या भागातली जुनी रीत आहे. आठवडाभर जिना झाडायची पाळी आपली, मग पाटी शेजारच्या दाराला. मी दोन मिनिटांत झाडू फिरवला आणि पाटी पुढे सरकवली. संध्याकाळी ती परत माझ्याच दाराला! वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, पायरीच्या कोपऱ्यातून केसांचा गुंता उपसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

पण खरं सांगू, मला तुमच्या ‘अभ्यासाची काळजी नाही’चीच काळजी वाटते. पहिल्या पेपरात मला 5.0 पडले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘पाचपैकी पाच?’ तिकडे 1.0 सगळ्यात भारी, 4.0 काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. दोन आठवडे मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. मग तपासलेला पेपर बघायला गेलो. सगळं डेरिव्हेशन बरोबर होतं, पाठच होतं ना! विचारलं होतं ते हे गृहीतक कधी कोसळेल. त्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती. ‘मला कळलं नाही’ हे वाक्य मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही मोडक्या जर्मनमध्ये. रात्री आईला नापासाचं सांगून टाकलं.

बारामतीची पोर: काकू, पैशांचंही बघा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्याच राज्यात, मी होते तेव्हा आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो फी होती. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवतो त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटते. मी दुसऱ्या आठवड्यातच जॅकेटवर उधळून बसले, मग महिनाअखेर रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून 25-25 सेंट गोळा केले. आता हिशोबाची वही आहे, बाबांपेक्षा कडक.

मिरजेची आई: आजपासून जिना त्याच्याकडे. कुकर देऊ का बरोबर?

पाटीवाला: द्या, आणि रबरी रिंगा दोन जास्तीच्या. मला तिकडे मापाची सापडली नव्हती.