अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो का बंद होतो? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. आग लागल्यावर काय करायचं याची एक इंग्रजी सूचना मराठीत करायला घेतलीय, जेमतेम दीड पान आहे, म्हटलं तासाभरात उरकेल, आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. वाक्य असं आहे: 'इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग इमिजिएटली.' मी बिनधास्त लिहून टाकलं, 'अलार्म बंद झाल्यास ताबडतोब इमारतीबाहेर पडा.' परत वाचताना लक्षात आलं की याचा अर्थ अलार्म वाजतोय तोवर आतच बसून राहा असा होतोय की! हे कोणी भिंतीवर लावलं असतं तर कल्याणच होतं.

मग डिक्शनरी उघडली तर 'गो ऑफ'पुढे वाजणे, फुटणे, बंद पडणे, नासणे, निघून जाणे, मनातून उतरणे, सगळंच दिलंय. 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, मग अलार्मच्या बाबतीत एकदम उलटं कसं? आणि त्याच कागदावर खाली हेही आहे: 'डू नॉट री-एंटर ईव्हन इफ द अलार्म इज ऑफ.' आता इथे पण वाजणं घ्यायचं का? आणि प्रत्येक वेळी ओळखायचं कसं, ते कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं 'संदर्भाने कळतं' असं सांगू नका प्लीज, तो संदर्भच तर कळत नाहीये.

प्रतिसाद १
बरं झालं आधी विचारलंत. 'गोज ऑफ'च्या आधी कर्ता कोण आहे ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. जी वस्तू एरवी गप्प असते आणि वेळ आली की एकदम उसळते, म्हणजे बंदूक, बॉम्ब, अलार्म, सायरन, टायमर, तिच्यासाठी 'वेंट ऑफ' म्हणजे सुटली, उडाली, वाजली. जी सलग चालू असते, दिवे, हीटर वगैरे, ती 'वेंट ऑफ' म्हणजे बंद झाली. खाण्याची वस्तू असेल तर खराब झाली, पण हे जास्त करून ब्रिटिश इंग्रजीत. आणि माणूस असेल तर निघून गेला, फक्त पुढे 'ऑन मी' आलं की माझ्यावर भडकला.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. 'गोज ऑफ' आणि 'इज ऑफ' एक समजू नका. 'गो' असलं की काहीतरी घडतंय, 'इज' असलं की स्थिती सांगितलीय. तुमचं खालचं वाक्य म्हणजे अलार्म बंद असला तरी परत आत जाऊ नका, तिथे 'बंद'च बरोबर. पण 'द अलार्म इज गोइंग ऑफ' असं दिसलं तर तो आत्ता वाजतोय! मीटिंगचंही असंच, 'द मीटिंग वेंट ऑफ वेल' म्हणजे छान पार पडली आणि 'द मीटिंग इज ऑफ' म्हणजे रद्द. माझा एकदा यातच घोळ झालेला, रद्द झालेल्या मीटिंगला जाऊन बसलो होतो, असो.

प्रतिसाद ३
आपण इंग्रजीला हसतोय पण आपल्या 'लागणे'चं काय? आग लागली, भूक लागली, नोकरी लागली, डोळा लागला, ठेच लागली, निकाल लागला, फोन लागला, आणि हे सगळं शिकता शिकता परक्या माणसाची वाट लागली :) दिवा लागला म्हणजे सुरू झाला आणि दार लागलं म्हणजे बंद झालं, हे कोणाला समजावून सांगून बघा.
बाकी 'ऑफ'चा मूळ अर्थ दूर, सुटून. इंग्रजीतला 'चा-ची-चे'वाला 'ऑव्ह' आणि हा 'ऑफ' मुळात एकच शब्द, जोर देऊन म्हटलेलं रूप पुढे वेगळं झालं. दिवा चालू अवस्थेतून सुटतो आणि गोळी बंदुकीतून सुटते, असं बघितलं तर दोन्ही एकाच घरचे वाटतात.

धागाकर्ती
अहो काय सुंदर, 'सुटणे' एकदम डोक्यात बसलं! पण आणखी एक सापडलंय, 'डू नॉट सेट ऑफ द अलार्म विदाउट कॉज'. हे पण वाजवणंच ना?

प्रतिसाद २
हो, विनाकारण वाजवू नका. बंद करायला 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' येईल. मात्र 'सेट ऑफ'च्या पुढे काहीच नसेल तर बहुतेक प्रवासाला निघणं, आणि हिशोबाच्या कागदात दिसलं तर ती वजावट असते, तिकडे घंटा वाजवू नका.

धागाकर्ती
हाहा, नाही वाजवत. आता असं केलंय, बघा बरं:
'अलार्म वाजू लागताच इमारतीबाहेर पडा. अलार्म थांबला तरी परत आत जाऊ नका. विनाकारण अलार्म वाजवू नका.'
दुसऱ्या वाक्यात 'बंद असला'ऐवजी मुद्दाम 'थांबला' घेतलंय, घाईत वाचणाऱ्याला बंद म्हणजे बिघडलेला वाटायला नको. चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल. द्या आता.