‘गुणाकार करा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना: सोलापुरात छप्पर बदलण्याचा खरा खर्च

बाळीवेसकर (धागाकर्ता):

परवा इथंच एकानं लिहिलं की सोलापुरात घराचं छप्पर बदलायला सव्वा लाखाच्या वर खर्च सांगणारा एक तर फसलाय, नाहीतर थापा मारतोय. ‘चौरस फुटाला २८० रुपये. गुणाकार करा आणि मोकळे व्हा.’ खाली शाबासक्यांची रांग. मी गप्पच बसणार होतो. पण आमच्या शेजारच्या काकूंनी तोच आकडा धरून गवंड्याला चोर ठरवलं, तो रागानं निघून गेला, आणि आता अर्धं माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) उतरवून घर उघडं पडलंय. सप्टेंबर तोंडावर आलाय. आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतो, हे इथं कुणाला सांगायला नको.

२८० चा भाव खोटा नाही. तो कशाचा आहे ते बघा. सेंट्रिंग (स्लॅब ओतायला खालून लावायचा साचा), सळई, काँक्रीट, मजुरी. म्हणजे खाली कॉलम उभे आहेत, वर मोकळं आहे आणि मिक्सर दारापर्यंत येतो, असं धरलेला भाव. जुळे सोलापूरसारख्या नव्या वस्तीतल्या प्लॉटवर ठीक आहे. बाळीवेस, शुक्रवार पेठ, साखर पेठेतल्या बोळात यातलं काय आहे?

४०० चौरस फुटांचं माळवद धरा. वर फूटभर पांढरी माती. दरवर्षी पावसाआधी नवी माती ओढत गेल्यानं काही घरांत दीड फूटसुद्धा. फूटभरच धरली तरी ४ ब्रास, म्हणजे ४०० घनफूट झाली. घनफुटाला ४५ किलो धरलं तर १८ टन. ट्रॅक्टर बोळात शिरत नाही, म्हणजे सगळी पाट्यांनी डोक्यावरून चौकापर्यंत न्यायची आणि तिथून भरायची. हा खर्च २८० मध्ये कुठं बसतो?

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. या घरांत तुळयांचा भार भिंतीवर नसतो, भिंतीत गाडलेल्या लाकडी खांबांवर असतो. दगडमातीची भिंत नुसता आडोसा. तुळया-खांब काढले की ती भिंत स्लॅब पेलायच्या लायकीची राहत नाही. मग खड्डे, फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया), कॉलम, बीम. आमचा हिशेब असा झाला: स्लॅब १ लाख १५ हजार, माती आणि लाकूड उतरवणं ४५ हजार, फुटिंग-कॉलम-बीम दीड लाख, कोबा (गळती रोखायचा वरचा थर) आणि कठडा ४० हजार, वायरिंग-गिलावा ५५ हजार, भाड्याच्या खोलीचे २० हजार. सव्वाचार लाख. स्लॅब त्यातला जेमतेम पाव हिस्सा. आता करा गुणाकार.

सेंट्रिंग_अक्कलकोटरोड:

मालक, २८० सांगणाऱ्यांत मीपण आहे, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक विचारतं ‘स्लॅब कसा फूट?’ मी स्लॅबचा भाव सांगतो. त्यानं वायरिंग विचारलं नाही, मी कशाला सांगू? आणि भार भार म्हणून लोकांना घाबरवू नका. तुमच्याच हिशेबानं माळवद १८ टन. ५ इंची स्लॅब त्याच मापाला १२ टनाच्या आतबाहेर. म्हणजे ओझं कमीच झालं की! ज्या घरानं शंभर वर्षं १८ टन पेललं त्याला १२ टन जड होतात होय? शिवाय जुनं सागवान विकून लोकांचे चांगले पैसे सुटतात, ते तुम्ही हिशेबात धरलंच नाही.

बाळीवेसकर:

१८ टन ‘घरानं’ नाही, खांबांनी पेलले. ते खांबच तुम्ही सागवान म्हणून विकायला काढताय. मग १२ टन कुणाच्या डोक्यावर ठेवणार? आणि सागवानाचं म्हणाल तर आमच्या तुळयांची टोकं भिंतीत होती तिथं वाळवीनं पोकळ केलेली. व्यापाऱ्यानं मधला तुकडा तेवढा घेतला, बाकीचं जळणात गेलं.

पूर्वभाग_लूम:

तुम्ही दोघं स्लॅबवरनं भांडायलाय, मुळात स्लॅब पाहिजेच कशाला? आमच्या कारखान्यावर पत्रा, घरावर पत्रा. ट्यूबची कैची (पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा), कलरचा पत्रा, बोल्ट-वॉशर, सगळं धरून फुटाला १६०-१७०. ४०० फुटाला सत्तर हजारांत काम. पत्रा चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही, फुटिंग नको, कॉलम नको. स्लॅब म्हणजे पोरीच्या लग्नात पाहुण्यांना दाखवायला. कर्ज काढून मोठेपणा करायचा आणि मग महाग म्हणून रडायचं.

विडी_घरकुल:

दादा, तुम्ही कारखान्यात दिवसभर पंखे लावता, पाणी मारता, कारण सूत तुटतं. घरात माणसं तुटत नाहीत असं वाटतं का तुम्हाला? मी दत्त नगरला पत्र्याच्या खोलीत संसार केलाय. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४३, आत उभं राहवत नाही. आम्ही विड्या वळणाऱ्या. पान भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचं, तर पत्र्याखाली ते घटकेत कडक होऊन फाटतं. फाटलेलं पान आमच्या हिशेबातनं जातं. छाटाला गेलेल्या, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्यांचे पैसे कोण देतं? स्लॅब मोठेपणासाठी नाही मागत कुणी. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांनी पक्क्या घरासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ते काय पाहुण्यांना दाखवायला?

पूर्वभाग_लूम:

ताई, तुमचं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण पत्र्याखाली पफ पॅनेल (उष्णता अडवणारा फोमचा थर) नाहीतर छत मारून घेता येतं.

विडी_घरकुल:

मग ते धरून भाव सांगा ना. सत्तर हजार कशाला सांगता?

माळवदाची_लेक:

सगळे माळवद काढायच्याच गोष्टी करताय. आमच्या माहेरी अजून आहे. दुपारी बाराला सवण्यातनं, म्हणजे छतातल्या झरोक्यातनं, उजेडाचा गोल पडतो आणि खाली गार. पंखासुद्धा लावत नाही आम्ही. माती बदला, उतार नीट करा, पन्हळी मोकळ्या ठेवा, दहापंधरा हजारांत काम होतं. चार लाख कशाला घालवायचे?

सळई१२एमएम:

ताई, गार असतं हे शंभर टक्के. पण ३० सप्टेंबर १९९३ विसरू नका. किल्लारीच्या भूकंपात पहाटे हजारो माणसं गेली ती याच बांधणीनं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं ओझं. आपल्याकडंही त्या पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली होती. लाकूड धड असेल, कुणी जाणत्यानं खांब ठोकून बघितले असतील तर ठेवा. नाहीतर निदान माती अर्ध्यावर आणा.

आणि धागाकर्त्यांच्या हिशेबात एक मोठा आकडा राहिलाय. पाणी. स्लॅब उन्हाळ्यात किमान दहा दिवस सतत ओला राहिला पाहिजे, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट आहे. आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांआड. क्युरिंगला, म्हणजे हे पाणी मारायला, टँकर मागवावा लागतो. तो वाचवायला लोक दिवसातनं एकदा पाइप फिरवतात आणि दोन वर्षांनी स्लॅब गळतो म्हणून गवंड्याला शिव्या देतात.

होटगीरोडकर:

आता मुद्द्यावर आलात! सोलापूरकराला स्लॅब लागतो तो मुळात टाकी ठेवायला. पाणी रोज आलं असतं तर दोन हजार लिटरच्या टाक्या गच्चीवर कुणी चढवल्या असत्या? दोन टन ओझं एका जागी. आमचा स्लॅब बरोबर टाकीखालीच गळायला लागला. पत्र्यावर टाकी ठेवता येत नाही म्हणून लोखंडी स्टँड करा, त्याचे वेगळे पंचवीस हजार. उजनी ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं ६३ मृतसाठा, आणि त्याच्या जिल्ह्याच्या गावाला पाचव्या दिवशी पाणी. भीमा नदीतनं औज बंधाऱ्यापर्यंत (तिथनं शहराला पाणी उचलतात) पाणी सोडायचं, निम्मं वाटेत मुरणार, उरलेलं मोटारी खेचणार. उसाला रोज आणि माणसाला पाचव्या दिवशी!

मोहोळकडचा:

आलं का उसावर. तुमच्या गावात पाइप फुटून गटारीत वाहतंय ते आधी बघा. भीमेतनं सोडलेलं पाणी आमच्या शिवारातनं जातं, धरणात जमिनी गेल्या त्या पण गावाकडच्यांच्या. तुम्ही एसीत बसून आम्हाला चोर म्हणायचं?

होटगीरोडकर:

एसी नाही माझ्याकडं. पाण्याच्या दिवशी पहाटे तीनला उठून मोटार लावतो मी. आणि मोटारी रात्री कोण टाकतं नदीत, हे तुमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मोहोळकडचा:

तुमच्या गल्लीत नळाला डायरेक्ट मोटार लावून शेजाऱ्याचं पाणी कोण ओढतं तेही ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ ला सीनेच्या पुरात आमच्या गावाकडची घरं छपरापर्यंत पाण्यात होती. छपराची चर्चा करताय ना, मग ती छपरं पण धरा.

सेंट्रिंग_अक्कलकोटरोड:

त्या पुरानंतर माझी माणसं गावाकडं कामाला गेली होती, खरं आहे. लोकांनी आधी पत्राच टाकला, कारण हातात पैसा तेवढाच होता.

सळई१२एमएम:

भांडण बाजूला ठेवून एक सांगतो. टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, कॉलमच्या डोक्यावर येईल अशी ठेवा आणि खाली विटांचे ओटे देऊन हवा खेळती ठेवा. होटगीरोडकरांची टाकी कुठं आहे?

होटगीरोडकर:

मध्यावर. ठेकेदारानंच ठेवली. पण पाणी रोज आलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, यावर मी ठाम आहे.

साखरपेठ_भाडेकरू:

तुमचं सगळं ठीक आहे, तुम्ही मालक आहात. आमच्या खोलीचं भाडं महिना शंभर रुपये, आजोबांपासूनचं. मालक म्हणतो, शंभरात छप्पर होत नाही, खोली सोडा. कायद्यानं दुरुस्ती मालकाची. त्यानं नाही केली तर नोटीस देऊन आपण करायची आणि भाड्यातनं वळती करायची, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. म्हणजे आमचे वर्षाला ३०० रुपये. तीनशे रुपयांत ताडपत्रीचा कोपरासुद्धा येत नाही.

बाळीवेसकर:

याला माझ्याकडं उत्तर नाही. शंभर रुपयांवर मालकानं चार लाख घालावेत असंही मी म्हणणार नाही, आणि तुम्ही जायचं कुठं हेही मला दिसतंय. पण ‘छप्पर स्वस्त आहे, लोकच रडतात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

टँकरचा मुद्दा मान्य, माझ्या हिशेबात आणखी सात-आठ हजार धरा. पत्र्याचंही इतकं मान्य की काकूंच्या घरात फुटिंगचे पैसे नसतील तर या पावसाळ्यापुरता पत्राच बरा, भिंतीवर खोटा भरवसा ठेवून टाकलेल्या स्लॅबपेक्षा. पंतप्रधान आवासचे अडीच लाख मिळतात म्हणून कालपासून मला निरोप येतायत. मिळतात, पण वाड्याच्या उताऱ्यावर जिथं सात चुलत भावांची नावं आहेत तिथं अर्जावर सह्या कुणाच्या घेणार?

माझं म्हणणं तेवढंच राहतं. भाव सांगणाऱ्यानं सगळ्या ओळी सांगाव्यात. उतरवणं, वाहतूक, फुटिंग, पाणी, टाकी. अर्धा भाव ऐकून माणूस काम सुरू करतो आणि अर्ध्यात पैसे संपतात. उघड्या घरात चार महिने काढणारी माणसं आमच्या बोळात आहेत.

सेंट्रिंग_अक्कलकोटरोड:

बरं, देतो. पुढच्या कोटेशनला माती, फुटिंग, टँकर सगळं वेगळ्या ओळीत लिहून देतो. पण मग तो कागद घेऊन ‘कन्ना चौकातला २८० ला करतो, तुम्हीच का महाग’ म्हणून माझ्या दारात कुणी यायचं नाही. आणि त्या काकूंचा पत्ता मला मेसेजमध्ये पाठवा. आधी खांब बघतो, मग भाव बोलू.