मदत हवी आहे: इंग्रजीत प्रश्न विचारताना डू, डिड, हॅव यांचा घोळ

हळकुंड_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करतो. शाळा-कॉलेज सगळं मराठीतून. सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांशी मोडक्यातोडक्या कन्नडात निभावतं, दिल्लीवाल्यांशी हिंदी चालते. पण तमिळनाडूचे खरेदीदार आणि मसाला कंपन्यांचे खरेदी विभाग इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. आपल्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय, त्याचीही चौकशी इंग्रजीतच येते.

आलेला मेल वाचून कळतो, उत्तरही लिहितो. गाडी अडते ती मला काही विचारायचं असलं की. मराठीत 'ट्रक निघाला'पुढे 'का' लावला की झालं. तसंच मी 'यू रिसीव्ह्ड द सॅम्पल?' लिहितो. फोनवर आवाजावरून समोरच्याला कळतं, मेलवर ते फार बरं दिसत नाही.

मग 'डिड यू रिसीव्ह्ड' की 'डिड यू रिसीव्ह'? 'हॅव यू स्टॉक' म्हणायचं की 'डू यू हॅव स्टॉक'? पावतीवर सही कोणी केली हे विचारताना डिड लागतो का? आणि 'कॅन यू टेल मी व्हेन विल द पेमेंट कम' हे आमचे दिवाणजी बरोबर म्हणतात, पण मला खटकतं. व्याकरणाचं पुस्तक आणलंय, त्यात नावंच इतकी आहेत की मूळ मुद्दा सापडत नाही. कोणी सोपं करून सांगेल का?

घाटावरचा_गडी

भाषांतराचं अ‍ॅप घ्या की राव. कशाला डोकेफोड?

हळकुंड_सांगली

दादा, सौदा चालू असताना फोन कानाला असतो. अ‍ॅप कुठं उघडू?

कराडचा_मास्तर

प्रश्न थेट करायला जाऊ नका. आधी साधं विधान मनात म्हणा आणि त्यात सहायक क्रियापद आहे का बघा. 'द ट्रक हॅज लेफ्ट' यात हॅज आहे. तो उचलून कर्त्याच्या आधी ठेवा: 'हॅज द ट्रक लेफ्ट?' 'यू कॅन सेंड फिफ्टी बॅग्ज'चं 'कॅन यू सेंड फिफ्टी बॅग्ज?' विल, शुड, मे सगळे याच वाटेने जातात.

आता 'द ट्रक लेफ्ट' घ्या. उचलायला काहीच नाही. अशा वेळी इंग्रजी डू मागवते, आणि काळ दाखवायचं काम तोच अंगावर घेतो. भूतकाळ डिडमध्ये गेला, म्हणून मागे 'लेफ्ट' उरत नाही, 'लीव्ह' उरतं: 'डिड द ट्रक लीव्ह?' तुमचं 'डिड यू रिसीव्ह' बरोबर, ते याचसाठी. 'ही वॉन्ट्स'मधला शेवटचा स देखील असाच डजमध्ये जातो: 'डज ही वॉन्ट पॉलिशची हळद' (ही खिचडी मुद्दाम, नियम तोच राहतो).

इज, आर, वॉज यांना मात्र डूची गरज नाही. ते मुख्य क्रियापद असले तरी स्वतःच पुढे येतात: 'इज द सॅम्पल रेडी?' आपल्याकडे उलटी गफलत फार, 'आर यू वॉन्ट मोर?' वॉन्ट आहे तिथे आर कशाला? 'डू यू वॉन्ट मोर?'

चारशे वर्षांपूर्वी डूशिवायही प्रश्न विचारत, शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा दिसतात. आज तसं विचारलंत तर खरेदीदार गोंधळेल.

मिरजेची_लेक

मास्तरांनी पाया घातलाच आहे, उरलेलं मी सांगते. मी बंगळुरात खरेदी विभागातच आहे, म्हणजे तुमच्या मेलच्या दुसऱ्या टोकाला.

'हॅव यू एनी स्टॉक' ही जुनी ब्रिटिश धाटणी, चूक नाही. पण आता 'डू यू हॅव'च लिहा. 'हॅव यू रिसीव्ह्ड'मध्ये मात्र हॅव सहायक आहे, तिथे डू घुसवू नका.

सहीचं विचारताना डिड नको: 'हू साइन्ड द रिसीट?' इथे प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता आहे. ट्रक भिजून पोचला असं धरा. 'हाउ मेनी बॅग्ज गॉट वेट?' भिजली ती पोतीच, तीच कर्ता, म्हणून डिड नाही. 'हाउ मेनी बॅग्ज डिड यू अनलोड?' इथे उतरवणारे तुम्ही, पोती हे कर्म, म्हणून डिड आला.

दिवाणजींना सांगा, 'कॅन यू टेल मी' म्हटलं की प्रश्न तिथेच विचारून झाला. पुढचा भाग साध्या विधानासारखा: 'व्हेन द पेमेंट विल कम'. थेट विचारायचं तर 'व्हेन विल द पेमेंट कम?' बरोबरच.

आणि पैशाच्या बाबतीत नकारार्थी प्रश्न टाळा. 'डिडन्ट यू गेट द पेमेंट?' असं आम्ही विचारलं आणि पैसे आले नसले, की आपला माणूस सवयीने 'हो, नाही आले' या अर्थी 'येस' म्हणतो. इंग्रजीत त्या येसचा अर्थ पैसे मिळाले. तिथे 'नो, वी डिडन्ट' म्हणायचं. नुसत्या येसवर आमच्याकडे फाइल बंद होते, मग महिनाभर फोनाफोनी.

हळकुंड_सांगली

ताई, हे पैशाचं लाख मोलाचं सांगितलंत. आता उद्याच्या मेलसाठी लिहिलंय, तपासता का? 'डिड द सॅम्पल रीच यू? व्हॉट कुरक्युमिन परसेंटेज डू यू नीड? प्लीज लेट मी नो हाउ मेनी बॅग्ज डू यू वॉन्ट. हू विल टेक डिलिव्हरी?'

कराडचा_मास्तर

तिसऱ्यातला डू काढा. 'लेट मी नो' आलंय ना आधी? 'हाउ मेनी बॅग्ज यू वॉन्ट'. बाकी पाठवून द्या.